चौकटीबाहेरचा देव

राजा रविवर्म्यांचा चित्रछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि तो घाटकोपरला होता, हे आता घाटकोपरच्या रहिवाशालाही सांगावं लागतं. शिळांवरून एकावर एक रंग चढवत तिथे लक्ष्मी, सरस्वती छापल्या जात. काही वर्षांत छापखाना मळवलीला हलला, पुढे विकला गेला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. देव स्वस्त झाला होता. जो पूर्वी देवळात जाऊन पाहायचा किंवा घरातल्या टाकावर, मूर्तीत पुजायचा, तो भरजरी लुगडं नेसून, हातात कमळ घेऊन ओसरीच्या भिंतीवर आला. गल्ल्यामागे बसला. रविवर्म्यांनी देवांना माणसांचे चेहरे दिले असं आपण नेहमी म्हणतो, आणि ते खरंच आहे.

त्याच सुमाराची एक दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं. चित्राचं इंग्रजी नाव एक प्रश्न होता : लक्ष्मी, आलीस का? भाद्रपदातल्या गौरीच्या आवाहनाची ज्यांच्या घरी चाल आहे त्यांना हा प्रश्न ऐकूनच माहीत असतो. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या गणपतराव म्हात्रे या वीस वर्षांच्या मुलाने ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प केलं. नऊवारी नेसलेली, पूजेचं साहित्य घेऊन निघालेली मराठी मुलगी. रवींद्रनाथांनी त्या शिल्पावर बंगालीत लेख लिहिला. शिल्पात देऊळ नाही, मूर्ती नाही. आहे ती फक्त निघालेली बाई, तिची चाल आणि अंगाला बिलगलेल्या वस्त्राच्या चुण्या.

एका बाजूला देवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला देवाकडे निघालेल्या माणसाचं. पहिलं घराघरांत गेलं, दुसरं प्रदर्शनात राहिलं. हे पुस्तक त्या दुसऱ्याचं आहे. गावाकडच्या, शेतावरच्या, वाटेवरच्या, पाणवठ्यावरच्या साध्या माणसांची भक्ती वास्तववादी चित्रकारांनी कशी पाहिली, हा त्याचा विषय. माझं म्हणणं थोडक्यात असं : या चित्रांत श्रद्धा दिसते ती कामासारखी. कमरेतून वाकलेली पाठ, डोक्यावरच्या ओझ्याने ताठ झालेली मान, निरांजनाभोवती धरलेला हात. देव बहुतेक वेळा चौकटीबाहेर असतो. चित्रकाराला त्याची गरज पडत नाही, कारण समोरच्या माणसाच्या अंगावरून तो कुठे आहे ते कळतं.

ही दृष्टी आपल्याकडे आयती आली आणि इथे येऊन बदलली. तिचं घराणं एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात आहे. फ्रेंच चित्रकार मिलेचं ‘आंजेलुस’ (१८५७-५९) छापील रूपात इतकं फिरलं की त्याची सवय झाली. पण नीट पाहिलं तर ते बटाट्याच्या शेताचं चित्र आहे. जमिनीत रोवलेलं काट्यांचं फावडं, टोपली, हातगाडीवरची पोती, टोपी काढून उभा असलेला पुरुष, हात जुळवलेली बाई, आणि पार क्षितिजावर चर्चचा इवलासा मनोरा. चित्रात काय चाललंय ते चर्चमधल्या प्रार्थनेच्या घंटेच्या आवाजाने ठरतं, आणि आवाज काही रंगवता येत नाही. मिलेची आजी घंटा ऐकली की हातातलं काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना करायला लावायची. ही आठवण त्याने स्वतःच नोंदवली आहे. जर्मनीत विल्हेल्म लाइब्लने चर्चमध्ये बसलेल्या तीन बायका रंगवायला १८७८ ते १८८२ अशी वर्षं घातली, त्याही खऱ्या चर्चमध्ये, खऱ्या गावकरणींना बसवून. म्हातारीच्या हातांवरच्या शिरा पाहिल्या की त्या बायकांच्या सोशिकपणाबद्दल आदर वाटावा की चित्रकाराच्या, असा प्रश्न पडतो.

रशियात मात्र हेच पाहणं बोचरं झालं. पेरोवने १८६१ मध्ये ईस्टरची गावठी मिरवणूक रंगवली, तीत पाद्रीच झिंगलेला. चित्र प्रदर्शनातून काढावं लागलं. रेपिनचं ‘कुर्स्कमधील मिरवणूक’ (१८८०-८३) आपल्या वाचकाने सावकाश पाहावं, कारण दिंडी-पालखी माहीत असलेल्या डोळ्यांना ते जास्त उमगतं. धुळीने भरलेला रस्ता, मागे झाडं तोडून बोडकी केलेली टेकडी, मधोमध मानाने पुढे चाललेले लोक आणि त्यांच्या हातातली पवित्र प्रतिमा. घोड्यावरचा शिपाई चाबूक उगारतोय. आणि डाव्या बाजूला कुबडी घेतलेला एक पांगळा मुलगा पुढे झेपावतोय, ज्याला काठी आडवी घालून मागे रेटलं जातंय. सगळ्या चित्रात देवाची खरी आस लागलेला तोच एक दिसतो, आणि देवाच्या जवळ त्यालाच जाऊ दिलेलं नाही. भक्ती आणि भक्तीची व्यवस्था या दोन गोष्टी एकाच कॅनव्हासवर वेगळ्या करून दाखवता येतात, हे रेपिनने दाखवून दिलं. आपल्याकडे हे किती जणांना जमलं, त्याकडे पुढे येतोच.

इकडे मुंबईत जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले. समोर बसलेल्या माणसाला माप घेऊन, छायाप्रकाशासह उतरवण्याचं शिक्षण इथे रुजलं ते त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या मास्तरांच्या हाताखाली. हे शिक्षण साम्राज्याच्या सोयीचं होतं, ही टीका जुनी आहे आणि बरीचशी बरोबर आहे. हिंदुस्थानातले लोक ‘कसे असतात’ याची यादी करायची हौस साहेबाला होतीच. पोतराज, वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, परडी घेतलेल्या आराधिणी हे सगळे त्या यादीत नमुने म्हणून बसले. पोस्टकार्डांवर छापले गेले. अशा चित्रांत आसूड असतो, भंडारा असतो, कोटंबा असतो, माणूस नसतो. या पुस्तकासाठी चित्रं निवडताना पहिली चाळणी मी हीच लावली : चित्रातला भक्त कुणीतरी एक आहे, की तो आपल्या जातीचा निव्वळ प्रतिनिधी आहे?

धुरंधर या चाळणीतून कधी पार होतात, कधी अडकतात. त्यांचा हात इतका झरझर चाले की मागेल त्याला हवं ते देऊ शकत. रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या हिंदुस्थानी स्त्रियांवरच्या पुस्तकात त्यांनी जातवार स्त्रिया रंगवल्या. ती चित्रं देखणी आहेत आणि थंड आहेत. पण किंकेड या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्याने आपल्या आदितवार-सोमवारच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या, त्या १९१४ सालच्या पुस्तकातली धुरंधरांची चित्रं पाहा. तिथे त्यांना नमुना दाखवायचा नव्हता. या कहाण्या त्यांनी लहानपणी घरात ऐकलेल्या असणार. पाटावर बसलेल्या बाईचा पदर कसा पडतो आणि ताट कुठल्या हाताने सरकवलं जातं हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नसेल. कोल्हापूरहून आलेला हा माणूस पुढे उपनगरात, खारला, ‘अंबासदन’मध्ये राहिला. त्यांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हे पुस्तक बाजूला ठेवून आधी ते मिळवावं, असं म्हणायला प्रकाशकांची परवानगी मी घेतलेली नाही.

कोल्हापूरची गोष्ट निराळी. तिथे शाहू महाराजांचा आश्रय होता, अंबाबाईचं देऊळ होतं, जोतिबाचा गुलाल होता आणि मुंबईच्या प्रदर्शनांपासून पुरेसं अंतर होतं. आबालाल रहिमान जे. जे.मध्ये शिकून कोल्हापुरी परतले आणि १९३१ मध्ये जाईपर्यंत तिथलं पाणी, घाट, कोटितीर्थाचा काठ रंगवत राहिले. रंकाळा तलावातला संध्यामठ त्यांच्यामुळे चित्रकारांचं तीर्थस्थान झाला. त्यांच्या निसर्गचित्रांत माणसं असलीच तर बारीक ठिपक्यांएवढी. तरीही ती चित्रं या पुस्तकात आहेत. संध्याकाळच्या उजेडाकडे रोज त्याच जागेवरून, तितक्याच नेमाने पाहत राहणं याला दुसरं काय म्हणायचं? एका मुसलमान चित्रकाराने संध्यामठ रंगवला, याचं त्या गावात कुणाला नवल वाटलं नाही. आज वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

याच गावात चित्रकार आणि चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर होते. त्यांच्याकडे तयार झालेले विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल मूळचे रंग-ब्रशाचे कारागीर; पुढे त्यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी ‘संत तुकाराम’ (१९३६) केला. चित्रपट या पुस्तकाचा विषय नाही. तरी मला वाटतं, ग्रामीण भक्तीचं मराठी वास्तववादातलं सर्वांत मोठं चित्र कॅनव्हासवर नाही, ते पडद्यावर आहे. त्यातली तुकारामाची बायको जिजाई आठवा. म्हैस, शेण, चूल, पोरांची आजारपणं, आणि नवऱ्याच्या विठ्ठलावरचा संताप. देवावर पायताण उगारणारी ती बाई देवाला तुकारामाइतकीच जवळची आहे, हे त्या दोघांनी भाषण न करता दाखवलं. ही नजर त्यांना चित्रकलेने दिली होती.

जलरंगाची वाट यापेक्षा शांत होती. ल. ना. तासकरांनी देवळांचे दरवाजे, बाजार, रस्त्यावरच्या बायाबापड्या रंगवल्या. त्यांच्यावर धड पुस्तक लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, ही आपल्या कलासमीक्षेची आळशी बाजू. सावंतवाडीहून आलेले सावळाराम हळदणकर मात्र एका चित्राने घराघरांत पोचले. ‘आशादीप’ म्हणा, ‘ग्लो ऑफ होप’ म्हणा : एका हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा, ज्योतीचा उजेड बोटांच्या फटींतून लालसर होऊन चेहऱ्यावर आलेला. १९४५-४६ च्या सुमारास हळदणकरांनी आपल्या मुलीला, गीताला, उभं करून ते रंगवलं. आज ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि पाहायला येणारे अर्धे लोक ते रविवर्म्यांचं समजतात. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. कागदाचा पांढरेपणा आधीपासून राखून ठेवावा लागतो, एक फटकारा चुकला की गेला. ज्योत वाऱ्यापासून राखणारी मुलगी आणि उजेड रंगापासून राखणारा बाप, दोघांचं काम इथे एकच आहे. चित्रातली मुलगी खेड्यातली नाही, हे मला मान्य. पण तिन्हीसांजेला दिवा घेऊन उंबऱ्याशी येणारी बाई गावात आणि शहरात तेव्हा एकच होती, म्हणून ते चित्र इथे आहे.

गोव्याकडचा धागा विसरला जातो. आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद हे ख्रिस्ती चित्रकार जे. जे.त शिकले, तिथेच शिकवू लागले, आणि हिंदू बायकांची अतिशय जिव्हाळ्याची चित्रं करत राहिले. त्यांच्या मुलीने, आंजेला त्रिंदादने, ख्रिस्ती विषय भारतीय रूपात आणले. आंजेलो द फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून मराठी लुगड्यातली मरिया रंगवत होते. फोन्सेका वास्तववादी नव्हेत, शांतिनिकेतनात घडलेले. पण मरियेला आपल्या शेजारणीसारखं नेसवलं की तिच्यासमोर गुडघे टेकणारी बाईही शेजारीण होते, हे त्यांच्यामुळे कळतं.

यानंतरचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे, कारण तो पराभवाचा आहे. कलकत्त्यात हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोरांच्या प्रभावळीने यथार्थदर्शनाला परकं ठरवलं. मुंबईत जे. जे.चे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांचा वर्ग काढला, जगन्नाथ अहिवासींनी भारतीय शैलीत भक्तीला पुन्हा सपाट, सुरेल रेषेत बसवलं. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या मंडळींनी सगळंच झाडून टाकलं; त्यांतले हुसेन जन्माने पंढरपूरचे, हा इतिहासाचा विनोद. वास्तववाद मग दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर गेला. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’त, रघुवीर मुळगावकरांनी आपल्या अंकांत आणि कॅलेंडरांत त्याला आसरा दिला. मुळगावकरांचे देव लोण्याने बनवल्यासारखे दिसतात, हे खरं. पण त्यांच्या पायाशी कोपऱ्यात बसलेला एखादा शेतकरी किंवा म्हातारी दिसली की हात तोच आणि माणूस वेगळा, असं वाटतं. कॅलेंडर छापणाऱ्याने म्हातारी मागितली नव्हती, म्हणून ती बरी आली असेल.

हे पुस्तक मुंबईच्या उपनगरात तयार झालं, आणि याला केवळ पत्त्यापुरता अर्थ नाही. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली तेव्हा ती बोरीवलीला, अंधेरीला थांबे. उतरलं की भाताची खाचरं. अंधेरी १९५० मध्ये आणि बोरीवली, मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आली, म्हणजे ज्या काळात आपले चित्रकार ‘खेडं’ शोधत घाटावर जात होते, त्या काळात खेडं त्यांच्या लोकलच्या खिडकीबाहेर होतं. आगरी, कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन, वारली. वेसाव्याची नारळी पौर्णिमा आणि शिमगा. १८९६ च्या प्लेगनंतर गावठाणांच्या नाक्यांवर उभे राहिलेले क्रूस, ज्यांच्यापुढे आजही मेणबत्ती आणि झेंडूची माळ असते. मरोळजवळचं १५७९ सालचं, आता औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात अडकलेलं सेंट जॉनचं पडकं चर्च. गावदेवीचं देऊळ तर प्रत्येक गावठाणात. चित्रकारांनी यातलं फार थोडं पाहिलं. भक्ती म्हटली की पंढरपूर, नाशिक, जेजुरी असा नकाशा ठरून गेला होता, आणि घराशेजारची गावदेवी त्यात बसत नव्हती. उपनगरातल्या रेखाटनांचा विभाग आम्ही म्हणूनच मोठा केला. त्यातली कामं पदकं मिळवणारी नाहीत. काही तर वह्यांतली आहेत.

आता रेपिनच्या पांगळ्या मुलाकडे वळतो. २ मार्च १९३० रोजी नाशिकला, अस्पृश्य मानलेल्यांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं देवळाच्या बंद दारापुढे उभी राहिली. त्या दशकात आपल्या प्रदर्शनांत गोदाकाठचे घाट होते, स्नानं होती, दीपदानं होती. बंद दार मात्र या परंपरेच्या मध्यभागी कुणी आणलं नाही. देवळात जाणारी बाई हा विषय पन्नास वर्षं सुंदर मानला गेला. देवळात जाऊ न दिलेली बाई हा विषयच मानला गेला नाही. तंत्र कमी पडलं असं म्हणता येणार नाही. हात तयार होते. कुठे उभं राहून पाहायचं हे ठरलेलं होतं, आणि ती जागा देवळाच्या आतली होती. आपल्या वास्तववादाबद्दल मला जेवढं प्रेम आहे तेवढीच ही तक्रारही आहे, आणि पुस्तकातला सर्वांत मोठा लेख तिच्याभोवतीच आहे.

हे सगळं आज का काढायचं? आषाढी वारीच्या दिवसांत मोबाईल उघडला की कारण दिसतं. दिवे घाटातून वर चढणारी वारी ड्रोनमधून दिसते : पांढऱ्या टोप्यांची नदी, भगव्या पताकांचे ठिपके. दृश्य भव्य असतं आणि त्यात कुणीच नसतं. इतक्या उंचीवरून तुळस डोक्यावर घेतलेल्या बाईच्या टाचेची भेग दिसत नाही, टाळकऱ्याच्या बसलेल्या घशाचा प्रश्नच येत नाही. दि. बा. मोकाशींनी ‘पालखी’ लिहिलं ते चालून. संदेश भंडाऱ्यांनी वारीची छायाचित्रं काढली तीही माणसांच्या उंचीवरून. जुने चित्रकार याच उंचीवर उभे होते, आणि त्यांना तिथे तासन्‌तास उभं राहावं लागे. तेवढ्या वेळात समोरचा माणूस बोलायला लागतो, कंटाळतो, पाणी मागतो. भक्तीचा मोठा सोहळा करण्याची आज सगळ्यांनाच घाई आहे, राजकारण्यांना आणि कॅमेऱ्यांना सारखीच. एका माणसाला तासभर पाहण्याची ती जुनी रीत अशा वेळी उपयोगी पडेल असं मला वाटतं.

पुस्तकात काय आहे ते अनुक्रमणिका सांगेलच. काय केलेलं नाही, एवढं सांगतो. संतांची चित्रं घेतलेली नाहीत, कारण ज्ञानेश्वर-तुकारामांची चित्रं ही देवचित्रांच्या बाजूची आहेत, भक्तांच्या नव्हेत. यावर वाद होऊ शकतो. वारली भिंतचित्रं घेतली नाहीत. लग्नाच्या चौकातली पालघट देवी हा श्रद्धेचा थोर आविष्कार आहे, पण त्याला वास्तववादाच्या पंक्तीत बसवणं म्हणजे त्याचा पाहुणचार करण्याच्या नावाखाली त्याचं पान उष्टं करणं. शिल्पं थोडीच आहेत. लेखांची भाषा मुद्दाम साधी ठेवली आहे. ज्याने आयुष्यात जहांगीर आर्ट गॅलरीची पायरी चढलेली नाही त्यालाही वाचता यावी, एवढीच अट लेखकांना घातली होती. बहुतेकांनी ती पाळली.

शेवटच्या विभागाबद्दल एक खुलासा. वास्तववाद आता परतला आहे. कांदिवलीपासून मुलुंडपर्यंत वन बीएचकेच्या हॉलमध्ये इझल लावून उत्तम हाताचे चित्रकार वारकरी रंगवत आहेत. गॅलऱ्यांत वारकऱ्याला मागणी आहे. सुरकुतलेला चेहरा, पांढरी मिशी, बुक्का, मागे धूसर गर्दी. यांतले बरेच जण फोटोवरून काम करतात, काही दुसऱ्याच्या फोटोवरून. कौशल्य वादातीत आहे. धुरंधरांना हेवा वाटावा असे मुंडाशाचे पीळ त्यांत आहेत. मला यातली बरीच चित्रं पुन्हा त्या जुन्या नमुन्यांच्या यादीत जाऊन बसलेली वाटतात, फक्त गिऱ्हाईक बदललं आहे. माझ्या सहसंपादकांचं मत उलट आहे. ज्या माणसाच्या घरात वारीची माळ आहे, जो रजा काढून आळंदी ते पुणे चालतो आणि परतल्यावर मोबाईलमधल्या फोटोवरून रंगवतो, त्याची श्रद्धा मी चित्राच्या बाजारभावावरून का मोजावी, असं त्यांचं म्हणणं. सहा चित्रांवर आमचं एकमत झालं नाही. ती सहाही छापली आहेत, आणि त्यांच्याखाली दोघांच्या टिपा वेगवेगळ्या दिल्या आहेत.